आडवा काप

१ तारीख, रविवार

ही वही बायकोने दिली. म्हणाली, "तुमचं काय ते यात सांगा, जेवताना नको." तिचंही खरं आहे. गेले तीन महिने मी ताटावर बसलो की गाईच्या मेंदूवर बोलतो, आणि समोरच्या माणसाला घास गिळवत नाही.

तर वहीला सांगतो. उद्यापासून आमच्या जनावरांच्या प्रयोगशाळेत मेंदू विभाग सुरू होतो आहे. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या आहेत: एक कापायची, एक अंधारी, आणि एक माझी. माझ्या खोलीला खिडकी आहे, पण ती मागच्या जिन्यावर उघडते. विभागाचा प्रमुख मी. हाताखाली नाना, जे या इमारतीत एकोणतीस वर्षं आहेत आणि कुठली बरणी कुठल्या फळीवर ते डोळे मिटून सांगतात. आजवर आमच्याकडची गाय अडखळायला लागली, गोल गोल फिरायला लागली, चार दिवसांत मेली, तर तिचा मेंदू मोठ्या शहरात जायचा आणि दीड महिन्याने उत्तर यायचं. तोवर मालक गाय विसरलेला असायचा. आता कुठला विषाणू ते दोन दिवसांत सांगणार. आणि या विभागाने नाही म्हटलं की नाही, हो म्हटलं की हो. २६ तारखेला पाहणी समिती येते आहे, तिलाही हेच सांगणार.

ताईचा फोन आला होता. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, नदीपलीकडे गुरांची डॉक्टर. मी गुरांचे तुकडे बघतो, ती अख्खी गुरं बघते, त्यामुळे खरी डॉक्टर कोण यावर आमचं वीस वर्षं चाललं आहे. मी नेहमीप्रमाणे रेबीजच्या लशीचं विचारलं. आम्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना टोचलेली आहे. ताईचं गेली पाच वर्षं "पुढच्या महिन्यात" चाललं आहे.

"पुढच्या महिन्यात नक्की, शहाण्या," ती म्हणाली. हे माझं तिने ठेवलेलं नाव. कौतुकाचं नाही.

३ तारीख, मंगळवार

दोन दिवसांत एकही मेंदू आला नाही. नाना म्हणाले, "साहेब, दुकान नवीन आहे. गिऱ्हाईक येईल."

संध्याकाळी ताईचा फोन. तिच्याकडे एक बाई सहा गाई पाळतात आणि घरोघर दूध घालतात. त्यांची तांबडी गाय कालपासून लाळ गाळते आहे. पाणी तोंडात घेते पण गिळत नाही, मागचे पाय लटपटतात. दूधवाल्या बाईंना वाटलं, घशात काहीतरी अडकलं. त्यांनी हात घालून पाहिलं. मग ताईने घातला.

"काय मिळालं?"

"काही नाही. घसा मोकळा आहे. पण ओरडते विचित्र. आवाज मध्येच फाटतो आणि तुटतो. असा आवाज मी एकदाच ऐकला होता, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका बैलाचा."

"हातमोजा होता ना?"

"होता. दाढेवर फाटला. दोन बोटांची सालं निघाली आहेत. बाईंच्या हाताला तर आधीचीच चीर होती."

जनावर लाळ गाळतंय आणि गिळत नाही म्हटलं की आमच्या धंद्यात पहिली शंका रेबीजची. गाय पिसाळली असेल तर तिची लाळ जखमेत गेली म्हणजे विषाणू गेला. वेळेत लस घेतली तर माणूस वाचतो. लक्षणं सुरू झाल्यावर मात्र कोणाच्या हातात काही राहत नाही.

"तू काय विचार करतोयस ते माहितीये मला," ती म्हणाली. "पाव तास साबणाने धुतलाय हात."

"उद्या सकाळी दोघी लस सुरू करा. गाय गेली तर डोकं माझ्याकडे आण. उत्तर मी देतो."

फोन ठेवल्यावर काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्या काळजीच्या शेजारी थोडा आनंदही होता. पहिलं गिऱ्हाईक. हे फक्त वहीला सांगतो आहे.

४ तारीख, बुधवार

गाय पहाटे गेली. दहा वाजता ताई बंद डब्यात डोकं घेऊन आली. दूधवाल्या बाई खाली बाकावर बसून राहिल्या, वर आल्या नाहीत. मी ताईला म्हटलं, आधी इस्पितळात जा. ती म्हणाली, तुझं कापून होऊ दे, मग जाते.

काचेपलीकडे ती उभी आणि अलीकडे मी. पाहणारी ताई असली की हात आणखी नीट चालतो. कवटी करवतीने उघडली, मेंदू अखंड निघाला, कुठे चरा नाही. ताटात ठेवला. लांब सुरी दोन गोलार्धांच्या मधल्या खाचेत लावली आणि पुढून मागे, पार मणक्याकडच्या देठापर्यंत, एका ओढीत उभा चिरला. दोन्ही अर्धे तराजूत घातले. फरक चार ग्रॅम.

लहानपणी घरात काही एकच आलं की वाटणी माझ्याकडे असे. मी पट्टी लावून कापायचो. ताई मोठी, पण तिने कधी मोठा वाटा मागितला नाही, कारण मोठा वाटा निघायचाच नाही. ते कसब असं कामाला आलं.

डावा अर्धा ताजा, लगेच तपासायला. उजवा फॉर्मॅलिनच्या बरणीत. दहाबारा दिवसांत तो घट्ट होईल, मग त्याच्या पातळ चकत्या करून पेशी बघायच्या. दोन तपासण्या, दोन अर्धे. याहून सुटसुटीत काय असतं?

नाना बरणीचं झाकण लावता लावता म्हणाले, "साहेब, देठाचा आडवा काप नाही घ्यायचा? आधीचे मोठे साहेब मेंदू शहराला धाडण्यापूर्वी पहिला तो घ्यायचे. डावं-उजवं दोन्ही एका चकतीत."

"नाना, मोठे साहेब स्लाइड गच्चीवर उन्हात वाळवायचे. तेही आपण सोडलं की."

नाना हसले. दार उघडं होतं, ताईने ऐकलं असेल, पण ती हसली नाही. विनोदाच्या बाबतीत ती पहिल्यापासून कंजूष आहे.

मेंदूत शिरलेला विषाणू काय पाटी वाचून डावीकडे वळतो?

५ तारीख, गुरुवार

नाही. रेबीज नाही.

सकाळपासून अंधाऱ्या खोलीत होतो. डाव्या अर्ध्याचे ठसे काचेवर घेतले, देठ, लहान मेंदू, सगळीकडचे, आणि चमकणारा रंग लावला. विषाणू असला तर काळोखात हिरवे ठिपके पेटतात. शेजारी ठेवलेली आमची जुनी, खात्रीची रेबीजची स्लाइड नुसती लखलखत होती. म्हणजे रंग चांगला होता आणि यंत्रही. गाईच्या स्लाइड काळ्याकुट्ट. एका स्लाइडवर, देठाच्या अगदी आतल्या कडेला, जिथून सुरी गेली तिथे, दोन हिरवे कण दिसले. धूळ. धूळ अशी चमकते, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो आहे. तरी पाच मिनिटं त्यांच्याकडे बघत बसलो. मग स्लाइड बाजूला ठेवली.

ताईला फोन केला. "सुटलीस. लस बंद करा दोघी."

"नक्की ना?"

"माझी सही आहे खाली."

"बरं," ती म्हणाली. "अहवाल पाठव."

एवढंच. मी तिचा जीव टांगणीवरून काढला आणि तिने "बरं" म्हटलं. अहवाल पाठवला. मेंदू विभाग, अहवाल क्रमांक एक. नानांनी शिक्का मारला. बायकोला सांगितलं तेव्हा तिने डोळे पुसले, तेव्हा कुठे मला कळलं की दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नव्हतं.

७ तारीख, शनिवार

ताईने आमच्याकडे यायचं कबूल केलं होतं, आली ती उशिरा. दूधवाल्या बाईंबरोबर गावात काम होतं म्हणे. बोटं सुजली होती. विचारलं तर म्हणाली, फाटकात सापडली. इतकी वर्षं गुरांत काढून फाटक लावता येत नाही, म्हणून मी तिला बरंच छेडलं. तिने ऐकून घेतलं.

९ तारीख, सोमवार

सापडला.

रेबीज नाही म्हटल्यावर मग गाय मेली कशाने, हा प्रश्न उरला होता. दोन दिवस पीसीआर लावत होतो. लोकांना आता पीसीआर समजावून सांगावं लागत नाही, साथीचा तेवढा एक फायदा झाला. नागिणीच्या घराण्यातला एक विषाणू गाईंमध्ये असतो, तो मेंदूत चढला की गाय अशीच जाते. त्याची रेघ वर आली. छत्तिसाव्या फेरीला आली, म्हणजे उशिरा आली. पण आली.

नाना म्हणाले, "एवढ्या उशिरा म्हणजे अगदी थोडाच असेल, नाही का?"

"थोडा म्हणजे नाही नव्हे, नाना."

ताईला कळवलं. तिने विचारलं, हा विषाणू धडधाकट गाईतही पडून असतो ना वर्षानुवर्षं? मी म्हटलं, असतो. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काय, ही गाय धडधाकट होती का? ताईला निरुत्तर केल्याचे दिवस मी बोटांवर मोजू शकतो, म्हणून तारखेसकट लिहून ठेवतो.

संचालक खूश आहेत. समितीपुढे हीच गाय मांडायची ठरली.

११ तारीख, बुधवार

समितीसाठी तक्ते केले. ताईला एक आकडा विचारायचा होता, फोन उचलला नाही. संध्याकाळी म्हणाली, गावात गेले होते, फाटकाला कोयंडा आणायला. दूधवाल्या बाई बरोबर होत्या. दोघींचं बरंच गूळपीठ जमलेलं दिसतं. एका कोयंड्याला दोन बायका आणि अर्धा दिवस.

१५ तारीख, रविवार

ताई जेवायला. मी समितीपुढचं भाषण सगळ्यांना म्हणून दाखवलं. ताईने शांतपणे ऐकलं आणि मग पुन्हा त्या आवाजाचं काढलं.

"तू गाय ऐकली नाहीस. मी ऐकली."

"ताई, आवाजावर निदान करायचं तर मला यंत्रं कशाला दिली? एक भोंगा दिला असता."

"आणि तिला कुठलं कुत्रं चावलं का, ते कोणी पाहिलं नव्हतं."

"कोणी पाहिलं नाही, कारण कोणी चावलं नाही."

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "वाद तुला छान घालता येतो." आणि पाणी प्यायली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "ताई डावा हात वर करत नाहीत. फळीवरचा डबा मला काढायला लावला."

मी म्हटलं, गुरांच्या डॉक्टरांचे खांदे असेच जातात.

"खांदा नाही, दंड," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्यांना नीट बघत नाही हल्ली. बोलत असता नुसते."

बायकोचा हा आक्षेप जुना आहे.

१८ तारीख, बुधवार

ताईचा फोन पुन्हा बंद. बुधवारी गावात काय मिळतं कोण जाणे. बरणीतला उजवा अर्धा छान घट्ट झाला. नानांनी चकत्या केल्या, परवा रंगवून देतील. एरवी मी या स्लाइड बघायची घाई केली नसती, निदान झालेलंच आहे. पण समितीला दाखवायला एखादं सुरेख चित्र हवं.

२० तारीख, शुक्रवार

अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

अकरा वाजता नानांनी स्लाइडचा ट्रे आणून ठेवला. मी चित्र शोधत होतो. लहान मेंदूत मोठ्या, सुरईच्या आकाराच्या पेशी असतात, ओळीने मांडलेल्या, फोटोत शोभतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिलीच पेशी धरली. तिच्या पोटात एक गोल लालसर दाणा. दुसऱ्या पेशीत दोन. पुढे प्रत्येक दुसऱ्या पेशीत. हे दाणे मी विद्यार्थ्यांना दाखवत आलो आहे. ते एकाच रोगात असतात.

मी नानांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, डोळा लावला, आणि उभे राहिले. मग ट्रेवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मीच म्हटलं, "हा उजवा."

"हो साहेब. उजवा."

डावा स्वच्छ, उजवा भरलेला. मोठ्या जनावरात विषाणू नसांतून चढतो, आणि कधी कधी एकाच बाजूने. हे मला माहीत होतं. शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. म्हणूनच आडवा काप घ्यायचा, दोन्ही बाजू एका चकतीत याव्यात म्हणून. मी सुरेख वाटणी केली, विषाणू बरणीत बुडवला आणि नसलेली बाजू तपासून सही केली. मग ते दोन हिरवे कण आठवले. मधल्या कडेवरचे. तो पलीकडून डोकावत होता आणि मी त्याला धूळ म्हटलं.

ताईची बोटं तीन तारखेला सोलली. आज वीस. सतरा दिवस, आणि मी पाच तारखेला सांगितलं होतं, लस बंद करा.

तिला फोन केला, उचलला नाही. सहा वेळा. मग गाडी काढली. चाळीस मिनिटांचा रस्ता. काय काय डोक्यात आलं ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की वाटेत मी मोठ्याने तिचं नाव घेत होतो, आणि आई गेली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

ताई एका गोठ्यात गाय विणवत होती. कोपरापर्यंत हात आत, गाल गाईच्या मांडीला टेकलेला.

"ताई, बाहेर ये."

"आडवं आलंय वासरू. ती दोरी धर."

"ताई, ऐक, ती गाय..."

"आधी वासरू. ओढ म्हटलं की ओढ."

मी बूट घालून शेणात उभा राहिलो आणि दोरी धरली. तिने आत वासरू वळवलं, ओढ म्हणाली, मी ओढलं. ओढता ओढता सगळं सांगितलं. उजवा, डावा, दाणे, कडेचे कण. मध्ये मध्ये ती "हळू" म्हणत होती, ते मला की गाईला ते कळत नव्हतं. वासरू बाहेर आलं, शिंकलं. ताईने त्याचं नाक पुसलं, आईपुढे सरकवलं, बादलीपाशी गेली आणि हात धुवायला लागली.

"आज सुरू करू. आत्ता. माझ्या गाडीत बस," मी म्हणालो.

"मी बंदच केली नव्हती," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"चार झाल्या. बाईंच्याही चार झाल्या. एक राहिली आहे, दोन तारखेला. पहिल्या दिवशी बोटांच्या जखमांतही औषध टोचलं, म्हणून सुजली होती. फाटक चांगलं आहे माझं."

"पण अहवाल? इस्पितळवाल्यांनी नकार वाचून थांबवायला हवं होतं."

"अहवाल माझ्या पर्समध्ये आहे. यायचाय म्हणून सांगितलं त्यांना. दर वेळी विचारायचे, दर वेळी मी म्हणायचे, सरकारी काम आहे, येईल."

मी तिथे गवताच्या पेंढीवर बसलो आणि रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, गाय वळून बघत होती. ताईने ओल्या हाताने डोक्यावर थोपटलं, सगळे केस ओले केले.

जरा वेळाने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. आणि तू वाद घातलास की मला पटतं. लहानपणापासून पटत आलंय. या वेळी मला पटवून घ्यायचं नव्हतं."

"माझ्यावर विश्वास नव्हता."

"तुझ्यावर आहे. पण नानांनी आडव्या कापाचं विचारलं, तेव्हा तू उत्तर दिलं नाहीस. विनोद केलास. तुला उत्तर माहीत नसलं की तू विनोद करतोस, शहाण्या."

२१ तारीख, शनिवार

ही वही पहिल्यापासून वाचली. चार तारीख, सात तारीख, अकरा तारीख, अठरा तारीख. शून्याचा दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा. लशीचं हे वेळापत्रक मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. ते माझ्याच हाताने, माझ्याच अक्षरात, कोयंडा आणि खांदा असं काहीबाही नाव देऊन मी इथे लिहिलं आहे. बायकोला दाखवलं. तिने "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

२३ तारीख, सोमवार

डाव्या अर्ध्यातली ती कड पुन्हा रंगवली. दोनच कण नव्हते, शेजारच्या ठशात अकरा होते. उजव्या बाजूच्या चकत्यांवर दुसरी तपासणीही केली, शंकेला जागा नाही. नागिणीवाला विषाणू गाईच्या डोक्यात बहुधा वर्षानुवर्षं झोपलेला होता, मी त्याला उठवून खुनाचा आरोप ठेवला.

अहवाल क्रमांक एक रद्द केला आणि रद्द का केला ते त्यावर पूर्ण लिहिलं. नवा अहवाल स्वतः नेऊन दूधवाल्या बाईंना वाचून दाखवला. उरलेल्या पाच गाईंवर कशी नजर ठेवायची ते ताईने त्यांना आधीच शिकवलं होतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही नका जीव लावून घेऊ, डॉक्टर. आम्ही तुमचा कागद कुठे मानला होता?"

संचालक म्हणतात, समितीपुढे ही गाय नको, दुसरं काहीतरी दाखवा. मी म्हटलं, हीच दाखवणार. ते म्हणाले, विभाग जाईल. मी म्हटलं, ज्या विभागाला स्वतःची चूक सापडत नाही तो गेलेलाच बरा.

नानांना विचारलं, "मोठ्या साहेबांची पद्धत लिहून द्याल का?" ते म्हणाले, "लिहून कशाला, साहेब. ताट घ्या, दाखवतो." त्यांच्यासमोर सुरी धरताना मला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असल्यासारखं वाटलं, आणि ते वाईट नव्हतं. आधी देठ आडवा, लहान मेंदूही आडवा, दोन्हीकडचा भाग ताजा ठेवायचा. उरलेलं मग फॉर्मॅलिनला. वाटणी त्यानंतर.

२६ तारीख, गुरुवार

समितीत तिघे होते. दोन्ही अर्धे शेजारी मांडले, डाव्याचा काळोख आणि उजव्याचे दाणे. माझी सही असलेला पहिला अहवालही मांडला. एका सदस्याने विचारलं, "मग त्या दोन बायका?" मी सांगितलं, त्यांनी माझं ऐकलं नाही म्हणून ठीक आहेत. मग त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझ्या हातूनही हे झालं होतं. मी कोणाला दाखवलं नव्हतं."

विभाग चालू राहतो आहे. एक अट घातली: पहिला काप आडवा. मी भिंतीकडे बोट केलं. नानांच्या अक्षरात ती तिथे सोमवारपासून लागलेली आहे.

आज दुपारी दुसरा मेंदू आला, एका कालवडीचा. देठाची अख्खी चकती घेतली आणि रेबीज नाही म्हणून सांगितलं. नाही म्हटलं की नाही, हे पुन्हा म्हणायची हिंमत आली. आता ते दोन्ही बाजू बघून म्हणतो.

२ तारीख, बुधवार

आज पाचवी. मीच दोघींना गाडीतून इस्पितळात नेलं. बुधवारी गावात काय मिळतं ते एकदाचं पाहिलं: एक लांब बोळ, हिरव्या बाकांची रांग, आणि भिंतीवरचं घड्याळ जे अकरा मिनिटं मागे आहे. टोचणाऱ्या परिचारिकेने ताईला विचारलं, "आला का हो तुमचा अहवाल?"

ताईने माझ्याकडे बघितलं.

"आला," मी म्हटलं. "आधीचा चुकला होता. आम्हीच चुकवला होता. तिने थांबवली नाही ते बरोबर केलं."

"हे कोण?" परिचारिकेने विचारलं.

"माझा धाकटा भाऊ," ताई म्हणाली. "यानेच शोधून काढलं."

दंडावर कापूस दाबून दोघी बाहेर आल्या. टोचून झाल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. दूधवाल्या बाई लगेच बाकावर डुलकी काढायला लागल्या. ताईने पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला. त्यात एकच उरलं होतं, लांबट.

"वाट," ती म्हणाली.

मी ते हातात घेतलं. उभं मधोमध तोडायला अंगठे लागलेही होते. मग आडवं धरलं आणि मोडलं. तुकडे सारखे झाले नाहीत, एक चांगलाच मोठा निघाला. ताईने दोन्हींकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा मोठा उचलला.